वासाची वाटेकरी

आपल्या मनातल्या नकाशावर समुद्राच्या वाट्याला काही झाडं कायमची लिहून दिलेली आहेत. नारळ, पोफळी, काजू, हापूस, फार तर पुळणीकडेची सुरूची रांग. द्राक्षाचा वेल घाटावरचा. निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर ही त्याची गावं. त्याला पाऊस मोजका लागतो, हवा कोरडी लागते आणि त्याच्या मालकाला रात्री उठून आभाळाकडे बघायची सवय लागते. कोकणात कुणी हौसेने परसात द्राक्षाचा वेल लावलाच, तर तो पहिल्या मृगातच मान टाकतो आणि पडवीतली वडीलधारी माणसं ‘आम्ही म्हटलंच होतं’ हे तोंडाने न बोलता अडकित्त्याच्या आवाजाने सांगतात. त्यामुळे ‘मावशी, या खेपेला तुला समुद्राकाठच्या द्राक्षमळ्यांत नेणार,’ असं पर्थच्या भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा गच्चीवर विहीर खणल्याची बातमी ऐकावी तसं मला वाटलं. वाइन चाखणं वगैरे पुढची गोष्ट. खारा वारा आणि गोड द्राक्ष एकाच पत्त्यावर नांदतात तरी कसे, हे कुतूहल त्याहून मोठं होतं.

त्या प्रदेशाचं नाव मार्गारेट रिव्हर. ऑस्ट्रेलियाच्या नकाशाचा नैर्ऋत्येचा कोपरा, पर्थपासून दक्षिणेला सुमारे २७० किलोमीटर, गाडीने तीन तास. उत्तरेला केप नॅचरलिस्ट आणि दक्षिणेला केप लूविन अशी दोन भूशिरं आहेत आणि त्यांच्यामधल्या शंभरेक किलोमीटरच्या पट्टीत सगळे मळे वसले आहेत. लूविनच्या टोकावर १८९५ सालचा, ३९ मीटर उंचीचा पांढरा दीपस्तंभ आहे. हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर इथे भेटतात, असं तिथे सांगतात. माणसं येतात, एक हात या महासागराकडे, एक हात त्या महासागराकडे पसरून फोटो काढतात आणि कॉफी प्यायला जातात. मी बराच वेळ दोघांमधली शिवण शोधत उभी होते. शिवण काही दिसली नाही. दोघांचा रंग एक, गुरगुरणं एक. पण उजव्या हाताचा तो हिंदी महासागर मला नवा नव्हता. त्याचाच एक हात अरबी समुद्र होऊन आपल्या वेंगुर्ल्यापर्यंत, हर्णैपर्यंत येतो. परक्या मुलखात ओळखीचा चेहरा दिसला की आपण आधी गाव विचारतो. इथे ओळखीचा समुद्रच भेटला होता, आणि आमच्या दोघांचं गाव मला माहीत होतं.

गंमत म्हणजे बहुतेक मळ्यांतून हा समुद्र दिसतच नाही. मध्ये झुडपांचे उंचवटे येतात, मारी आणि जारा नावाच्या झाडांची रानं येतात, गुरांची कुरणं येतात. नवा पाहुणा प्रत्येक वळणावर मान उंच करून ‘समुद्र कुठाय?’ असं विचारतो आणि प्रत्येक वळण त्याला एक मेंढी दाखवतं. समुद्र तिथे असतो तो वडीलधाऱ्या माणसासारखा. समोर येऊन बसत नाही, पण तो घरात आहे म्हणून सगळ्यांचे आवाज बेतात राहतात. लूविन नावाचाच एक उबदार प्रवाह हिवाळ्यात या किनाऱ्याला चिकटून दक्षिणेकडे वाहतो, त्यामुळे थंडी फार चावत नाही. उन्हाळ्यात दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे ऊन फार माजत नाही. सर्वांत थंड महिना आणि सर्वांत उष्ण महिना यांच्या सरासरीत अंतर थोडंच. पाऊस जवळपास सगळा हिवाळ्यात पडून जातो आणि मणी भरायच्या दिवसांत आभाळ निरभ्र असतं. मग मण्यांत पाणी उतरतं ते हळूहळू, साखर चढते तीही हळूहळू, आणि आंबटपणाला निरोपाची घाई करावी लागत नाही.

हे ऐकताना मला नाशिककडच्या वेलाची माया आली. आपल्याकडे हिवाळा इतका बेताचा की वेलाला धड झोपच लागत नाही. म्हणून आपण त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. एकदा काडी तयार करण्यासाठी आणि एकदा घड धरण्यासाठी. आपला वेल बाराही महिने कामावर. मार्गारेट रिव्हरचा वेल मात्र शरद ऋतूत पानं गाळतो, हिवाळाभर काळ्या काटक्या होऊन स्वस्थ पडून राहतो, त्याच दिवसांत एकदाच त्याचे केस कापले जातात आणि तो वसंतात ताजातवाना उठतो. दोन्ही वेलांचं कूळ एक, पण एकाला पगारी रजा मिळते आणि दुसऱ्याला नाही. मी हे भाचीच्या नवऱ्याला सांगितलं. तो आयटीत आहे. तो म्हणाला, ‘मावशी, तुमचा नाशिकचा वेल म्हणजे मीच.’

या प्रदेशाची जन्मकथा ऐकली तेव्हा मला पहिलं हसू आलं. इथली वाइन डॉक्टरांनी जन्माला घातली आहे. त्याचं असं झालं की जॉन ग्लॅडस्टोन्स नावाचे एक शेतीशास्त्रज्ञ होते. त्यांचा खरा विषय ल्युपिन नावाचं कडधान्य. द्राक्षाशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता, पण त्यांनी १९६५ आणि १९६६ साली दोन निबंध लिहून मांडलं की या कोपऱ्याची हवा फ्रान्सच्या बोर्दो भागाशी जुळते आणि इथे उत्तम वाइन होऊ शकेल. कडधान्याच्या माणसाने द्राक्षाचं भविष्य सांगावं, हे आपल्याकडे चालत आलेलंच आहे. शेजारच्या मुलाला कुठली शाखा घ्यावी हे नेहमी भलत्याच विषयाच्या मास्तरांना कळतं. निबंध वाचून पर्थमधले हृदयरोगतज्ज्ञ टॉम कलिटी यांनी १९६७ मध्ये काउरामप गावाजवळ वेल लावले आणि मळ्याला व्हास फेलिक्स असं नाव दिलं. १९६९ मध्ये मॉस वुडचे वेल लावणारे बिल पॅनेल डॉक्टर, १९७१ मध्ये पत्नी डायना यांच्यासह मळा उभारणारे केविन कलन डॉक्टर. आठवडाभर पर्थमध्ये लोकांच्या छातीला नळी लावायची आणि शनिवार उजाडला की तीन तास गाडी हाकत येऊन वेलांची नाडी बघायची, असा कलिटींचा शिरस्ता होता.

आमच्या गल्लीतले डॉक्टर तपासून झालं की चष्म्यावरून बघत ‘घेता का?’ एवढंच विचारायचे. काय घेता, हे दोघांनाही माहीत असायचं. उत्तर काहीही आलं तरी ते कागदावर लिहायचे, ‘बंद करणे’. त्याच पेशाच्या माणसांनी दुसऱ्या एका किनाऱ्यावर फावडी घेऊन हे सुरू करावं, यात मला विलक्षण न्याय दिसतो. योगायोग इथे थांबत नाही. उन्हाळ्यात पर्थ शहरावर दुपारी जो समुद्रवारा येतो, त्यालाही तिथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, कारण तो आला की तापलेल्या शहराला उतार पडतो. तेव्हा डॉक्टरांनी लावलेल्या वेलांकडे डॉक्टर-वाऱ्याच्या गावाहून यायचं आणि चाखायच्या खोलीत मापाने ओतलेली घोटभर वाइन पुढ्यात घ्यायची. औषधाच्या टोपणात मावेल एवढीच. फक्त ‘जेवणानंतर’ असं कुणी लिहून देत नाही.

कलिटींच्या पहिल्या पिकाची गोष्ट मात्र अशी आहे की ती ऐकताना प्रत्येक शेतकऱ्याने मान हलवावी. १९७१ चा हंगाम. घड पिकत आले आणि सिल्व्हरआय नावाचे चिमुकले पक्षी थव्याने उतरले. आपल्याकडे आंब्याच्या मोहरात तुरुतुरु फिरणारा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला जो चष्मेवाला असतो ना, त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. डोळ्याला तसंच रुपेरी कडं, चेहऱ्यावर तोच अभ्यासू भाव. तो मणी खात नाही, तपासतो. प्रत्येक मण्याला एक बारीक भोक पाडतो, पुढच्या मण्याकडे वळतो, आणि त्या भोकातून सगळा घड कुजायला लागतो. हृदयरोगतज्ज्ञांनी यावर एक तालेवार उपाय केला. बहिरी ससाणा आणला. ससाणा आभाळात घिरट्या घालील, त्याच्या सावलीनेच चष्मेवाले पळून जातील, असा बेत. ससाण्याला मळ्यात सोडलं. तो उडाला, झाडांच्या शेंड्यांवर गेला आणि परत आला नाही. आजतागायत. पीक गेलं ते गेलंच. पण मला आवडतं ते पुढचं. त्या मळ्याने आपल्या बाटलीवर चित्र छापलं ते याच ससाण्याचं. एका दिवसाचीही नोकरी न करता पळालेल्या कर्मचाऱ्याचा फोटो कार्यालयात एवढ्या प्रेमाने दुसऱ्या कुणी लावला असेल असं वाटत नाही.

आता मळ्यांवर पांढरी जाळी टाकतात. मार्चमध्ये आम्ही गेलो तेव्हा डोंगरउतारांवर ओळीच्या ओळी जाळीखाली झाकलेल्या होत्या, जणू पिकायला आलेल्या द्राक्षांना कुणी अंतरपाट धरला होता. पण जाळीहून जुना इलाज मारीच्या झाडाकडे आहे. उन्हाळा संपता संपता मारीला दुधाळ पांढरा फुलोरा येतो. ज्या वर्षी तो भरघोस येतो त्या वर्षी चष्मेवाले फुलांतल्या मधावर रमतात आणि द्राक्षांना विसरतात. ज्या वर्षी मारी रुसते, त्या वर्षी मळेवाल्यांची झोप जाते. म्हणजे लाखमोलाच्या वाइनचा जमाखर्च बांधावरच्या एका रानझाडाच्या लहरीवर. या भागाचे मूळ रहिवासी वदांडी नूनगर लोक. खाऱ्या पाण्याची माणसं अशी त्यांची ओळख. ते वर्षाचे चार नव्हे, सहा ऋतू मानतात. मारी फुलते तो फेब्रुवारी-मार्चचा ऋतू त्यांच्या गणतीत बुनुरू. सहा ऋतूंचा हिशोब ऐकून मी एकदम सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्यासारखी सैल झाले. ज्यांना वर्षाचे सहा तुकडे करावेसे वाटले, त्यांनी आभाळाकडे आपल्याइतकंच टक लावून पाहिलं असणार.

मूळ मुद्दा चाखण्याचा. आमच्या गाडीत तिघं होतो आणि ऑस्ट्रेलियात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात ०.०५ टक्क्यांवर अल्कोहोल चालत नाही. रस्त्यात कुठेही पोलीस थांबवून नळीत फुंकायला लावतात. निघताना भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर घरातल्या मोठ्या बाईला ओळखता येते. ‘मावशी, तू चालवशील का गं?’ जावई म्हणाला, ‘मावशी, तुम्हाला त्रास नसेल तर. तसंही तुम्ही फारसं घेत नाही.’ तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, रस्ते मोकळे, आणि पुण्यात चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईला मेंढ्यांची भीती नसते. मी किल्ल्या घेतल्या. अशा रीतीने वाइनच्या गावात मी फक्त वासाची वाटेकरी झाले.

चाखायच्या खोलीला तिथे सेलर डोअर म्हणतात. लाकडी लांब फळी, तिच्यामागे एक शांत मुलगी, समोर रिकामे पेले आणि मध्ये एक भांडं. त्या भांड्याचं काम कळायला मला क्षणही लागला नाही, कारण माझ्या आजोबांच्या बैठकीत त्याचा पितळी पूर्वज होता. पिकदाणी. फरक इतकाच की आजोबा जे थुंकत ते दोन आण्यांचं असे आणि इथे लोक डॉलरांनी मोजलेलं थुंकत होते, तेही एखाद्या मंत्राचा उच्चार करावा इतक्या गांभीर्याने. आधी पेला तिरका धरून रंग पाहायचा. मग तो गोल फिरवायचा. मग त्यात नाक घालायचं, जवळजवळ भुवयांपर्यंत. मग घोट तोंडात घ्यायचा, त्यातून थोडी हवा ओढायची, त्याचा एक चमत्कारिक आवाज येतो, तो आला तरी कुणी कुणाकडे बघायचं नाही. मग भांड्याकडे वाकायचं. चांगले सुटाबुटातले, निवृत्त न्यायाधीश वाटावेत असे गृहस्थ हे सगळं ओळीने करत होते. आपल्याकडे ताटात टाकलं म्हणून ज्यांना लहानपणी बोलणी बसली आहेत, त्यांचा जीव या भांड्यापाशी तुटतो. भाचीने पहिला घोट थुंकण्याऐवजी गिळला. ‘अगं, अन्न आहे ना,’ ती मराठीत पुटपुटली. फळीमागची मुलगी हसली. भाषा कळली नसली तरी भाव तिने रोज पाहिलेला असणार.

मला मात्र फक्त नाक चालवायचं होतं, आणि तिथेच माझी खरी चैन झाली. जीभ तशी बिचारी मोजकंच ओळखते, चवीचं बाकीचं सगळं ऐश्वर्य नाकाचं. सर्दी झालेल्या माणसाला श्रीखंड आणि मलम यांत फरक करताना पाहिलं की हे पटतं. पहिला पेला सेमियाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या दोन पांढऱ्या द्राक्षांच्या मिश्रणाचा, या भागाची जणू रोजची भाजीभाकरी. मुलगी म्हणाली, यात ताजं कापलेलं गवत आहे, लिंबाची साल आहे. मला त्यात पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी कापलेला टाकळा आला. दुसरा पेला शार्डनेचा. तिसरा कॅबर्ने सोव्हिन्याँचा, ज्यासाठी हा प्रदेश जगभर ओळखला जातो. मुलगी म्हणाली, ब्लॅककरंट, तुती, तमालपत्र, देवदाराची पेटी. ब्लॅककरंट मी आयुष्यात झाडावर पाहिलेला नाही. माझ्या नाकाने सरळ करवंदाची जाळी उभी केली, त्यामागे जांभळाने डागाळलेला फ्रॉक, आणि जरा थांबल्यावर गुळाच्या रिकाम्या झालेल्या लाकडी पेटीचा तळ. ‘घशाला धरतंय,’ असं जावई म्हणाला. शेजारचे गृहस्थ त्या जाणिवेसाठी शब्द शोधत हात हलवत होते. आम्ही तिघांनी एकदम ‘तुरट’ म्हटलं आणि विषय संपवला. सहा रसांमध्ये तुरटाला मानाचं पान दिलेल्या घरातली माणसं आम्ही.

वासाचं असं आहे की तो आला की जागा विचारत नाही, सरळ आत येऊन बसतो. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्याच दोन शास्त्रज्ञांनी, कोरड्या मातीवर पाणी पडलं की जो वास येतो त्याचा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला. उत्तर भारतातले अत्तरवाले हा वास कितीतरी आधीपासून चंदनाच्या तेलात धरून ठेवत आले आहेत, याचीही त्यांनी नोंद केली होती. मला ही नोंद फार आवडते. प्रयोगशाळेच्या माणसांनी अत्तराच्या कुपीला केलेला तो नमस्कार आहे. त्या फळीपाशी उभं राहून पेल्यात नाक घालताना मलाही एक नमस्कार बाकी असल्याचं आठवलं.

माझी आजी स्वयंपाक करताना कधीच चाखत नसे. नैवेद्य व्हायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, हा नियम. सणाला कुळाचार म्हटला की चाळीस पानं, पुरणाचा घाट, कटाची आमटी पातेलंभर, आणि त्यात मीठ किती पडलंय हे ती पातेल्यावर वाकून, डोळे मिटून, वाफ नाकात घेऊन ठरवायची. ‘चिमूटभर हवंय’ म्हणायची आणि टाकायची. तेवढंच हवं असायचं. आम्ही मुलं परीक्षा घेतल्यासारखी बघत राहायचो. मिठाला वास नसतो, हे मी पुढे शाळेत शिकले आणि घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘मिठाला नसेल. आमटीला असतो ना.’ मीठ बेताचं पडलं की बाकीचे वास उघडतात, आणि आजीला ऐकू यायचे ते हे उघडलेले दरवाजे. फळीमागच्या मुलीचा आणि आजीचा धंदा एकच होता. मुलीला त्याचं प्रमाणपत्र होतं.

पंगत बसली की मात्र त्या संयमाचा सूड घेतला जायचा. आजोबा वाढप्यांच्या मागे उभे. ‘त्यांना वाढा, अहो लाजतायत ते.’ जिलबीचा आग्रह, तुपाचा आग्रह, पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांवरच मठ्ठ्याची धार. आपल्या आतिथ्याचं माप नेहमी ‘पुरे’च्या पलीकडे सुरू होतं. चाखायच्या खोलीत कुणी कुणाला आग्रह करत नाही. दोन बोटं वाइन ओततात आणि ओतणारी मुलगी एक पाऊल मागे सरकते. त्या एका पावलात मला एकाएकी आजी दिसली. पंगती उठायच्या, माणसं ‘आमटी झक्क झाली हो’ म्हणत हात धुवायला जायची, आणि जिच्यासाठी ही दाद असायची तिने ती आमटी अजून जिभेवरही ठेवलेली नसायची. तिचं पान शेवटी. तोवर आमटी निवलेली, पातेल्याचा तळ खरवडून निघालेली. ती भातावर ओतून घ्यायची, पहिला घास घ्यायची आणि स्वतःशी हलकेच मान डोलवायची. सकाळी वाफेवरून बांधलेला अंदाज बरोबर निघाला, एवढंच त्या मानेत असायचं. तक्रार नसायची. मला ती आता, इतक्या वर्षांनी, तिच्या वतीने करावीशी वाटते. पण तिने ऐकून घेतली नसती.

दिंडोरीकडे ओळखीचे एक माळकरी शेतकरी आहेत. त्यांच्याकडे वाइनच्या द्राक्षांचा बाग आहे, माल कारखान्यात जातो. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे वाइनचा थेंबही त्यांच्या ओठाला लागलेला नाही, लागणारही नाही. पण घड केव्हा तोडायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. साखर मोजायचं यंत्र खिशात असतं, तरी ते मणी तोंडात टाकतात, बी दाताखाली फोडतात आणि तळहातावर काढून तिचा रंग पाहतात. बी हिरवट असली की ‘अजून लेकरू आहे’ म्हणतात, तपकिरी झाली की ‘न्या आता’. त्यांची वाइन मुंबईच्या हॉटेलांत कुणीतरी पेला फिरवत पितं, तेव्हा हे कीर्तनात टाळ वाजवत बसलेले असतात. कलिटींनी लावलेला मळाही १९८७ पासून दुसऱ्या घराण्याकडे आहे आणि तिथली सर्वांत मानाची वाइन आज त्यांच्या नावाने विकली जाते. वेल लावणारा एक, चाखणारा दुसरा, आणि बहुतेक वेळा दोघांची गाठही पडत नाही. रसाच्या या व्यवहारात जे सगळ्यात जवळ असतात, ते एक पाऊल मागे उभे असतात. त्यांना काही मिळत नाही असं मी पूर्वी समजत असे. मार्गारेट रिव्हरला दिवसभर नुसता वास घेतल्यावर तसं वाटेनासं झालं. संध्याकाळी भाची आणि जावई मागच्या सीटवर, तिसऱ्या मळ्यातली वाइन बरी की चौथ्यातली, यावर गोड, गोल, न संपणारा वाद घालत होते. मला चारही वेगवेगळ्या आठवत होत्या.

वाटेत काउरामप लागतं. या गावाने रस्त्याच्या कडेला, बागेत, दुकानांपुढे काळ्या-पांढऱ्या गाईंचे पूर्णाकृती पुतळे उभे केले आहेत. फायबरच्या, पण इतक्या हुबेहूब की जावयाने खिडकीतून एकीला अत्यंत आदराने वाट विचारली. ती वाइनची किमया होती की गाईची, हे मी भाचीला विचारलं नाही.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर माझं एक ऐका. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, तेव्हा तोडणी चालू असते आणि मारी फुललेली असते. मळे निवडताना नावं फार बघू नका, पण दिवसाला चारांपेक्षा जास्त करू नका, नाक थकतं. जेवण मध्येच करा. आणि गाडीच्या किल्ल्या कुणी मागायच्या आत स्वतः मागून घ्या. सोबतचे तुमचे उपकार मानतील, तेही निमूटपणे स्वीकारा. फक्त उजेडात परत निघा, कारण दिवस मावळला की त्या रस्त्यांवर कांगारू येतात आणि ते कुणालाही साइड देत नाहीत.